तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू बाई

"आधी खोट सांगते, मग खोली दाखवते."

किल्लीताईचं हे वाक्य त्या गावात आगगाडीच्या शिट्टीइतकं ओळखीचं होतं. मोठ्या शहरापासून पन्नास मिनिटांवरचं ते गाव. शहरात राबायचं आणि इथे येऊन पाठ टेकायची, असा तिथल्या निम्म्या माणसांचा रिवाज. रोज कोणी ना कोणी घर शोधत यायचं. स्टेशनाबाहेर चहा घेता घेता विचारायचं, "इथे भाड्याचं घर कोण दाखवतं?" चहावाला हातातलं भांडं खाली न ठेवता नुसती हनुवटी उचलायचा. ती हनुवटी जिकडे वळेल, तिकडून किल्लीताई येत असायची.

त्रेपन्न वर्षांची, काटकुळी, पायात सपाट वहाणा. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत पंचवीस-तीस बंद घरांच्या किल्ल्या. एकाही किल्लीवर पत्ता नाही. प्रत्येकीला रंगीत दोरा बांधलेला. रंगावरून गल्ली आणि गाठींवरून मजला. "किल्ली हरवली तर हरवू दे," ती म्हणायची, "तिच्यामागे घर जाता कामा नये."

जिन्याच्या पहिल्या पायरीशी ती गिऱ्हाइकाला थांबवायची आणि एकेक बोट दुमडत त्या घराच्या तीन खोटी, म्हणजे उणिवा, सांगायची. "पहिली, सकाळी सातला नळ रुसतो. दुसरी, मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. तिसरी, शेजारचे आजोबा गातात. गाणं वाईट नाही, पण एकच आहे." निम्मी माणसं तिथूनच परत फिरायची. गावातले बाकीचे दलाल हसायचे. ही बाई गिऱ्हाईक आणत नाही, हाकलते, म्हणायचे. पण जी माणसं खोटी ऐकूनही जिना चढली ती वर्षानुवर्षं हलली नाहीत, आणि पुढे आपल्या भावाबहिणींनाही तिच्याकडेच पाठवत राहिली.

दुसऱ्या दलालांच्या पाट्यांवर लिहिलेलं असे, "स्टेशन पाच मिनिटांवर." किल्लीताई प्रत्येक घरापासून स्टेशनापर्यंत स्वतः चालून बघायची. एकटं माणूस अकरा मिनिटं, लेकरू बरोबर असेल तर सोळा, आणि दोन्ही हातांत पिशव्या असतील तर एकोणीस. ही तिची मोजणी. शेतातली वाट जशी पायांना ठाऊक असते, तसं ते गाव तिच्या पायांना ठाऊक होतं.

अशी बावीस वर्षं गेली. चारशेच्या वर संसार तिनं चार भिंतींत नेऊन ठेवले. स्वतः मात्र दादाकडेच राहिली. खाली दादाचं रंगाचं दुकान, वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत कपाटाच्या आड तिची खाट. जाच कसलाच नव्हता. दादा अबोल आणि वहिनी दोघांच्या वाटचं बोलणारी, पण दोघंही मायेची. तरी कपाटाआडची खाट ती कपाटाआडचीच. कोणाला सदरा हवा असेल, तर तिच्या उशाशी दार करकरणार. सगळे निजल्यावर तिनं निजायचं, सगळ्यांआधी उठायचं. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. निदान तिसऱ्या मजल्यावरचं ते घर रिकामं होईपर्यंत तरी नव्हतं.

ते घर होतं गावाच्या कडेला, रेल्वेच्या आवारालगत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. मालक शहरात लेकीकडे राहणारे निवृत्त दाताचे डॉक्टर. थंडीपासून घर बंद होतं. सात जण बघायला आले आणि सातही जण पहिल्याच खोटीला परत गेले, कारण पहिली खोट मोठी होती. पश्चिमेची भिंत दुपारभर तापायची.

बंद घर आठवड्यातून एकदा उघडावं लागतं, नाहीतर ते आंबतं. एका मंगळवारी किल्लीताईनं तिथल्या खिडक्या उघडल्या, तासभर वारा खेळू दिला आणि मग लावायला गेली. हात खिडकीपाशी गेला आणि तिथेच राहिला. खाली आवारात आगगाडीचे रिकामे डबे धूत होते. नदीवर म्हशी धुवाव्यात तशी माणसं त्यांना चोळत होती, आणि ते डबे मुकाट, सुखानं उभे होते. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत टेकली. ऊन उतरेपर्यंत टेकूनच राहिली.

पुढच्या मंगळवारी तिनं येताना चहा आणला, त्याच्या पुढच्या खेपेला आपला पेला, मग एक चमचा. महिना भरला तेव्हा ती चहावाल्याला त्या घराबद्दल सांगायला लागली, आणि बराच वेळ सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण एकही खोट सांगितलेली नाही.

"ताई, तब्येत बरी आहे ना?" चहावाल्यानं विचारलं.

ती हसली. घरी जाताना तिला धाप लागली, आणि रस्ता तर सपाट होता. हे घर तिला हवं होतं. स्वतःला राहायला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी इतकं हवंसं वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "कोणी मिळालं का हो?"

मीच घेते, असं म्हणायचं तिनं रस्ताभर घोकलं होतं. पण बावीस वर्षं एकाच वळणानं वाहिलेली जीभ. तोंडातून निघालं, "एक बाई आहेत."

"कशा आहेत?"

"एकट्या आहेत. कामावर जाणाऱ्या. शांत, टापटिपीच्या."

"वा. फक्त दलाल नकोत. गेल्या वेळच्यानं स्वतःच्या नावावर घर घेतलं आणि आत आठ माणसं कोंबली. पाळीपाळीनं झोपायची. माझ्या घरातली गादी दोन वर्षं गार झाली नाही. तुम्हाला बोलत नाही हं, पण दलालाला मी घर देणार नाही म्हणजे नाही."

"तुमचं बरोबर आहे," किल्लीताई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर दोनदा फोन झाला. दरवेळी खरं सांगायचं ठरवून ती बोलायला लागायची आणि दरवेळी ती बाई थोडी वाढायची. दुसऱ्या फोनला तिला झाडांची आवड लागली. तिसऱ्या फोनला चष्मा लागला. डॉक्टर इतके खूश झाले की म्हणाले, "रविवारी अकराला मी येतो. त्यांना प्रत्यक्ष भेटतो. कागद तिथेच करून टाकू."

शनिवारी किल्लीताईनं वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी हसून हसून खाली बसली.

"वन्सं, तुम्ही स्वतःलाच स्थळ बघितल्यासारखं केलंत की. मुलगी चष्मा लावते, झाडं लावते."

"हसू नका हो. उद्या काय करू?"

"करायचं काय त्यात? त्यांना दलाल नकोय ना? मग माझ्या नावावर घ्या. मी कुठे दलाल आहे? राहा तुम्ही, नाव माझं."

"असं कसं?"

"असंच असतं. उद्या गादी घेऊन येते, बघाच."

"गादी आणू नका वहिनी. अजून कशात काही नाही."

वहिनीनं ऐकलं की नाही कळलं नाही. गादी मात्र दुपारपासून गच्चीवर उन्हात पडली होती.

रविवार उजाडला. किल्लीताईनं केस दोनदा विंचरले. आरशातल्या बाईला डोळ्यात बघून सांगितलं, की आज दारातच बोलायचं, चपला काढायच्या आत. पण डॉक्टर तिच्या आधीच येऊन जिन्यापाशी उभे होते. उंच, वाकलेले, आणि समोरच्या माणसाच्या आधी दातांकडे आणि मग डोळ्यांकडे बघणारे. त्या बघण्यानंच तिचं तोंड मिटलं.

वर आल्यावर त्यांनी नळ सोडला, बंद केला. भिंतीवर बोटानं टकटक केली. मग घड्याळ बघितलं.

"अकरा वाजून गेले. कुठवर आल्या तुमच्या बाई?"

"जवळच असतील," किल्लीताई म्हणाली. हे खोटं नव्हतं, म्हणून तिला आणखीच वाईट वाटलं.

"वेळेच्या पक्क्या आहेत म्हणाला होतात."

"आहेत. वेळेआधीच येऊन उभ्या राहतात."

डॉक्टर खिडकीतून खाली बघत राहिले. किल्लीताईनं घसा खाकरला. "डॉक्टर, मला एक सांगायचं..." आणि इतक्यात दारावर थाप पडली.

दारात गादी होती. गादीखाली हातगाडीवाल्याचे दोन पाय. गादीमागे वहिनी, नवी साडी नेसून, कपाळावर घाम.

"या, या," डॉक्टर उजळलेच. "तुमचीच वाट बघत होतो. गादीच घेऊन आलात? म्हणजे घर पसंत आहे तर."

वहिनीनं किल्लीताईकडे एकदाच बघितलं. त्या एका नजरेत तिनं सगळं ताडलं.

"पसंत म्हणजे काय, फारच पसंत," ती म्हणाली. "माफ करा हं, उशीर झाला."

"एकट्याच राहणार म्हणे?"

"हो. म्हणजे नवरा आहे. पण त्यांना दुकानातच बरं वाटतं."

"झाडांची आवड आहे, असं ऐकलं."

"लहानपणापासून," वहिनी म्हणाली. तिनं आजवर एक झाड लावलं होतं आणि ते प्लॅस्टिकचं होतं.

"चष्मा दिसत नाही."

"घाईत घरी राहिला."

गादीखालून आवाज आला, "बाई, ही ठेवू कुठे?"

"थांब जरा," वहिनी म्हणाली. डॉक्टर आता पिशवीतून कागद काढत होते. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी तो पसरला, सारखा केला, खिशातलं पेन काढून वहिनीपुढे धरलं. वहिनीनं पेन घेतलं आणि पदर सावरून वाकली.

किल्लीताईला फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच. दोन-चार श्वास गप्प राहिली असती, तर दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली न्हाणारे डबे आणि स्वतःचं दार तिचं झालं असतं. आणि तेवढ्यात तिला पुढचं दिसलं. डॉक्टर फोन करणार, तुमच्या बाई कशा आहेत विचारणार, आणि ती याच खिडकीत बसून सांगणार, बऱ्या आहेत, शांत आहेत. जन्मभर आपल्याच घरात ती कोणीतरी दुसरीच असणार. खिडक्या उघडायला आलेली बाई.

"वहिनी," ती म्हणाली, "पेन खाली ठेवा."

वहिनीनं डोळे वटारले. पेन हातातच राहिलं.

"ठेवा म्हणते ना." मग ती डॉक्टरांकडे वळली. "मी आधी खोट सांगते."

"घराच्या खोटी? त्या मला ठाऊक आहेत बाई. भिंत तापते, पाणी हळू चढतं..."

"घराच्या नाही. भाडेकरूच्या." तिनं हात वर धरला. एक बोट दुमडलं. "पहिली. ती दलाल आहे."

खोलीत कोणी हललं नाही. गादीसुद्धा नाही.

"दुसरी. ती तुमच्याशी तीनदा फोनवर बोलली आणि एकदाही 'मीच ती' असं म्हणाली नाही. झाडं तिला आवडतात, पण तिच्या हातून जगत नाहीत. चष्मा तिला नाहीच. ह्या माझ्या वहिनी आहेत. त्यांचा यात दोष एवढाच की त्यांना माझी माया आहे."

"आणि तिसरी?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"तिसरी, ती झोपेत बोलते."

"भाडी सांगते," वहिनीला राहवलं नाही. "सगळ्या गावाची. मजल्यासकट."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागद उचलला आणि हळूहळू घडी घालायला लागले. पहिली घडी, मग दुसरी. किल्लीताई त्या घड्यांकडे बघत राहिली.

"मी एकच अट घातली होती," ते म्हणाले.

"हो."

"मी एकटाच राहणार, असं त्या आधीच्या माणसानंही सांगितलं होतं. शपथ घेऊन."

"मी शपथ घेत नाही. दुसरी किल्ली तुमच्याकडे ठेवा. वाटेल त्या दिवशी, न कळवता या. आठ माणसं दिसली तर नवव्या जागी तुम्ही झोपा आणि मला रस्त्यावर काढा."

"दाताचा डॉक्टर काय करतो सांगू?" डॉक्टर घडी हातात धरून म्हणाले. "तोंड उघडून बसलेल्या माणसाला म्हणतो, दुखणार नाही. चाळीस वर्षं मी हेच म्हणत आलो. आणि मग दुखलं की तीच माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, तसाच मी आत्ता तुमच्याकडे बघतोय." ते थांबले. "तुमच्या या भाडेकरूत चांगलं काही असेल, तर तेही सांगा. ऐकून जातो."

किल्लीताईला सांगता येईना. चारशे माणसांचे गुण तिनं घडाघडा सांगितले होते, स्वतःचा एकही तोंडावर येत नव्हता. शेवटी ती म्हणाली, "सांगता येत नाही. दाखवते."

ती त्यांना न्हाणीघरात घेऊन गेली. छताजवळच्या कोपऱ्यात ओलीचा डाग होता. डागाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढलेली, तिच्याबाहेर आणखी एक, तिच्याही बाहेर तिसरी. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात तशा रेघा, आणि प्रत्येक रेघेशी बारीक अक्षरात तारीख.

डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून पुढे वाकले. नाक भिंतीला लागायचं बाकी राहिलं. "हे कोणी केलं?"

"भाडेकरूनं. दर मंगळवारी बघते, डाग वाढला की रेघ ओढते. वरच्या घराचा नळ आतून गळतोय. डाग आधी बोटभर होता, आता तळव्याएवढा झालाय. वरच्यांशी दोनदा भांडण झालंय, उद्या त्यांचा नळवाला येतोय. चौथी रेघ ओढायची वेळ येऊ नये."

"कीड," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "अगदी अशीच पसरते. माणसं वेळेवर दाखवत नाहीत हो. दुखेपर्यंत थांबतात." तिन्ही रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं, तारखा वाचल्या. "घर तुमचं नाही, भाडं तुम्ही देत नाही, आणि तुम्ही माझ्या भिंतीसाठी भांडून आलात?"

"एकदा हळू. एकदा जोरात."

आता ते हसले, आणि हसताना कळलं की त्यांचे स्वतःचे दात काही फार चांगले नव्हते. बाहेर येऊन त्यांनी कागदाच्या घड्या उलगडल्या, तळहातानं कट्ट्यावर दाबल्या. "करा सही. पण मी न कळवता येणार. आणि आलो की चहा घेणार."

किल्लीताईनं पेन हातात घेतलं. बावीस वर्षांच्या सवयीनं हात थेट कागदाच्या तळाशी गेला, मध्यस्थाच्या जागेवर. टोक टेकणार, एवढ्यात डॉक्टरांनी बोटानं वरची रेघ दाखवली.

"इथे. भाडेकरू तुम्ही आहात."

"हो," ती म्हणाली. "मीच."

तिनं सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं आणि शेवटी रेघेबाहेर गेलं. वहिनीनं डोळ्याला पदर लावला आणि तो तिथे असतानाच हातगाडीवाल्यावर ओरडली, "आता तरी ठेव रे ती. आतल्या खोलीत, खिडकीशी. भिंतीला चिकटवू नको, भिंत तापते."

गादी जमिनीवर पडली तो धप्प आवाज किल्लीताईच्या पोटापर्यंत गेला. तिला एकदम सगळं करावंसं वाटलं. पाणी भरावं, दार लावून बघावं, दार उघडून बघावं. तिनं स्वयंपाकघर ते आतली खोली पावलं मोजली, नऊ भरली. विश्वास बसेना, म्हणून परत मोजली. आतल्या खोलीचं दार लावलं, आत एकटीच उभी राहिली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा जत्रेतून आलेल्या पोरीसारखा झाला होता.

मग तिची नजर घड्याळावर गेली. बाराच्या गाडीनं तिघांचं कुटुंब घर बघायला यायचं होतं.

"आज राहू द्या ना," वहिनी म्हणाली. "पहिल्या दिवशी तरी आपल्या घरात घटकाभर बसा."

"लांबून येताहेत वहिनी. लेकरू आहे बरोबर. चहावाल्यापाशी किती वेळ उभं करायचं?" तिनं पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली, परत आली, डॉक्टरांना म्हणाली, "तुमच्या गाडीला अजून वेळ आहे. टेका थोडे. खिडकीत बरं वाटतं." यजमानीण म्हणून बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. बोलल्यावर तिला स्वतःलाच ते इतकं आवडलं, की जिना उतरताना ती ओठातल्या ओठात पुन्हा म्हणत गेली.

वर डॉक्टर खिडकीशी उभे राहिले. त्यांच्या शेजारी वहिनी येऊन उभी राहिली, आणि दोघांच्या मागे मान लांब करून हातगाडीवाला. खाली किल्लीताई इमारतीतून बाहेर पडली आणि रेल्वेच्या कुंपणाकडेनं स्टेशनाच्या वाटेला लागली. पिशवी कमरेवर आपटत होती. उन्हात तिची सावली पायाशीच होती आणि तिच्याबरोबर पळत होती.

"फार भरभर चालतात तुमच्या नणंदबाई," डॉक्टर म्हणाले.

"हे भरभर नाही," वहिनी म्हणाली. ती कुंपणाच्या टोकापर्यंत बघत होती. "आज हळू चालल्यात. घरातून पाय निघत नाही, आणि मागे वळून तर बघायचं नाही."